झुंबरबाईंचं सोयाबीन

कुरडयांचा गहू भिजून तीन दिवस झाले की झुंबरबाई पातेल्यावर नुसतं नाक नेतात आणि सांगतात, "आज वाटायचा," नाहीतर "ऱ्हाऊ द्या अजून." तिसगावात आमच्या शेजारीच त्यांचं घर. उन्हाळ्यात अर्ध्या गावाच्या कुरडया त्यांच्या देखरेखीखाली होतात. चीक बिघडलेला मी तरी पाहिला नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या मालकांच्या, कानिफनाथांच्या, लिव्हरवर चरबी निघाली. डॉक्टरांनी खाणं आवरायला, चालायला आणि महिन्यानं रक्त तपासायला सांगितलं. सुई म्हटली की या माणसाला घाम फुटतो. त्यात भाच्यानं व्हिडिओ पाठवला: आंबवलेलं सोयाबीन खा, लिव्हर साफ होतं. कानिफनाथ खूश. "आंबवनारी घरातच हाय. आता कशाला दवाखाना?"

झुंबरबाईंनी शेतातलं सोयाबीन गव्हासारखंच भिजत घातलं. तिसऱ्या दिवशी दुपारपासून त्यांच्या आमच्याकडे चार खेपा झाल्या. चौथ्या वेळी पातेलंच घेऊन आल्या.

"ताई, वास घ्या की."

आंबट नव्हता. मुतानं भरलेल्या गोठ्यासारखा नाकात चढत होता, आणि कडेला काळपट बुरशी.

"गहू असता तर सांगितलं असतं. ह्याचं कायच कळंना."

मी वाचलं होतं तेवढं सांगितलं. व्हिडिओतलं ते सोयाबीन आधी शिजवतात, त्याला ठरावीक विरजण लागतं. लिव्हरला फायदा होत असावा असं काही संशोधक म्हणतात, पण खात्री नाही. भलती बुरशी मात्र लिव्हरलाच बाधू शकते.

त्या बसल्या, उठल्या, पदराचं टोक पिळत राहिल्या. एकदम म्हणाल्या, "अगं बया, थोडं वाटीत काढून ठिवलंय!"

त्या पळाल्या, मागोमाग मी. कानिफनाथ वाटीत तिखट-मीठ कालवत बसले होते.

"खाल्लं का?"

"न्हाई अजून. नाक धरावं लागंल. पन तुझ्या हातचं कुनाला बाधलंय कवा?"

झुंबरबाईंनी वाटी हिसकावली. सगळं परसात खड्डा करून पुरलं, साबणानं तीनदा हात धुतले.

"मला गव्हाचं कळतं. तुमच्या पोटातलं न्हाई कळत. उठा, चप्पल घाला."

"उद्या जाऊ की. लॅब बंद झाली आसंल."

"सात वाजेपतूर उघडी हाय. दुपारीच इचारून आले म्या."

कानिफनाथ बराच वेळ एक चप्पल शोधत राहिले. झुंबरबाई रिपोर्टची पिशवी छातीशी धरून दाराबाहेर उभ्या होत्या आणि घडीघडी आत डोकावून विचारत होत्या, "घावली का?"