कॅरबाइनला पाय फुटले

हिंटरबाखच्या नेमबाजी मंडळात लोक मैनराड बेटशार्टच्या नेमापेक्षा त्याच्या जिभेला जास्त भीत. तसा नेमही वाईट नव्हता. दर मे महिन्यात मंडळाची वार्षिक नेमबाजी होई आणि ठरलेले गुण मिळवणाऱ्याला पानांच्या माळेचा एक छोटा बिल्ला मिळे. मैनराडच्या टोपीवर हे बिल्ले इतक्या दाटीने बसले होते, की टोपी घातली की त्याची मान किंचित एका बाजूला कलत असे. ती कलती मान घेऊनच तो गावात फिरे.

पोटापाण्यासाठी तो रज्जुमार्ग चालवायचा. खालच्या ठाण्यातल्या खोलीत बसून बटण दाबायचे, की वरच्या कुरणावरच्या चार घरांची माणसे, दुधाचे कॅन, चीज, कधी एखादी आजारी शेळी, असे सगळे पाळण्यात बसून खाली यायचे. पाळण्यात टेलिफोन होता. त्यामुळे वर काय शिजते आणि खाली काय जळते, हे मैनराडला सर्वांच्या आधी कळे.

मंडळातली तरुण पोरे लष्कराच्या नव्या रायफली घेऊन येत. त्यांना पुढे दोन घडीचे पाय जन्मजातच असतात. मैनराडच्या वयाचे लोक मात्र वडिलांच्या वेळची लाकडी कॅरबाइन वापरत. चटईवर पालथे पडायचे, दोन्ही कोपरे टेकायची आणि बंदूक हातांवर तोलायची. साठी उलटली की कॅरबाइनलाही विकतचे पाय लावायची मुभा मंडळाने दिली होती. नियमाने दिली होती. मैनराडने दिली नव्हती.

फार वर्षांपूर्वी, एका म्हाताऱ्याने असे पाय लावले तेव्हा शरद ऋतूतल्या बक्षिसाच्या जेवणात मैनराड उठला. त्याने गोठ्यातले एकपायी स्टूल आणले होते. दूध काढणारे हे स्टूल पट्ट्याने कमरेला बांधतात. माणूस बसला की ते खाली, उठला की शेपटीसारखे मागे. मैनराडने ते त्या म्हाताऱ्याच्या कमरेला बांधले आणि ग्लास उंचावून स्वतः जुळवलेल्या दोन ओळी म्हटल्या :

दोन पाय देवाने दिले, दोन दुकानातून आणले,
चारी पायांवर येऊन राव गोठ्यात जाऊन बसले!

लोक टेबलावर मुठी आपटून हसले. म्हाताऱ्याला ते स्टूल बांधूनच अख्खे जेवण उरकावे लागले. तेव्हापासून ती प्रथाच पडली. स्टूल मंडळाच्या खोलीत खिळ्याला टांगून ठेवलेले असे, आणि पाय लावायचा विचार करणारा प्रत्येक जण आधी त्या खिळ्याकडे बघे.

या हिवाळ्यात लाकडाच्या शेडसमोरच्या बर्फावर मैनराड घसरला आणि डाव्या खांद्यावर पडला. खांदा बरा झाला, पण त्याला थरथर लागली. एप्रिलच्या सरावात बंदुकीचे टोक चीजवर बसलेल्या माशीसारखे निशाणावर कुठेही फिरू लागले.

मंडळाचा अध्यक्ष झावेर ग्वेर्डर पडद्यावरचे गुण बघून म्हणाला, "मैनराड, टेकडीत शिसं पेरतोयस काय? उगवलं तर चार दाणे आम्हालाही दे."

मैनराडने बंदूक पिशवीत घातली आणि सराव अर्धवट सोडून निघाला. असे त्याच्या आयुष्यात प्रथमच घडले होते.

घरी येऊन तो दिवाणावर बसून राहिला. बिल्ला चुकला तर चुकला असे म्हणणाऱ्यांतला तो नव्हता. आता दोनच वाटा होत्या. बंदूक कपाटात ठेवून, डोळे गेले, कंबर गेली असे काहीतरी सांगायचे. नाहीतर पाय लावायचे, आणि आपणच आणलेले स्टूल आपल्याच कमरेला बांधून घ्यायचे. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेणारे खूप असतात. मैनराडने तो धोंडा बरीच वर्षे आधी आणून, धुऊन पुसून, खिळ्याला टांगून ठेवला होता.

शेवटी एका गुरुवारी त्याने बायकोला सांगितले, "आगाथा, मी शहरात, श्वीझला जाऊन येतो. दाताच्या डॉक्टरकडे."

आगाथा बटाटे सोलत होती. तिने मान वर केली नाही. "दाताच्या?"

"हो. दाढ ठणकतेय."

"तुझी कवळी आहे, मैनराड. रात्री बशीत असते. काल ती बशीत ठणकताना मला तरी ऐकू आली नाही."

"हिरडी म्हणायचं होतं मला."

"खोटं बोलायचं तर निदान तोंडात काय आहे ते बघून बोलावं माणसानं," आगाथा म्हणाली. "आणि ती बंदुकीची पिशवी कशाला? डॉक्टरला धमकवायला?"

श्वीझच्या दुकानात फ्रेनी रुओस नावाची चाळिशीतली बाई बंदुका दुरुस्त करी. तिने काही विचारायच्या आत मैनराडने सांगून टाकले, "एका मित्रासाठी पाहिजेत. बंदुकीचे पाय. त्याचा खांदा गेलाय."

"मित्राचा खांदा तुमच्याएवढा रुंद आहे का?" फ्रेनीने विचारले आणि तीन जोड्या जमिनीवर मांडल्या.

मैनराड गाय पारखायला आल्यासारखा त्यांच्याभोवती फिरला. पहिली जोडी हलकी, स्प्रिंगची. बोट लावले की लटलट हले. "हे आजच जन्मलेलं वासरू दिसतंय," तो म्हणाला. दुसरी जोडी चांगली रुंद होती, खाली बर्फावर घसरायच्या पट्ट्यांसारखी लांब पावले. ती त्याला आवडली. त्याने कॅरबाइन काढली, जोडी बसवली आणि दुकानाच्या फरशीवर पालथा पडला. टोक समोरच्या भिंतीवरच्या एका ठिपक्यावर खिळ्यासारखे थांबले. हिवाळ्यानंतर प्रथमच.

"ही द्या," तो फरशीवरूनच म्हणाला.

"थांबा. ही नळीला चिमटा घेते," फ्रेनी म्हणाली. "नळीवर भार आला की गोळी वर जाते. तुमचा मित्र सगळं आयुष्य जिथे नेम धरत आला, तिथे गोळी लागायची नाही. तिसरी बघा. दिसायला साधी आहे, पण लाकडाला पकडते, आणि पाय थोडे पुढे ढकलून धरलं की उसळत नाही."

तिसऱ्या जोडीवरही टोक हलले नाही. मैनराडने अगदी मनापासून तिला हो म्हटले आणि उठायला गेला. खांदा उठेना. फ्रेनीने त्याला काखेत हात घालून उभे केले आणि कपडे झटकत सहज विचारले, "हिंटरबाखचे ना तुम्ही?"

"कशावरून?"

"तिथले सगळे मित्रासाठीच नेतात. तुम्ही सहावे. आणि सगळे दाताच्या डॉक्टरकडे म्हणून आलेले असतात. तो बसतो वरच्या मजल्यावर. परवा मला विचारत होता, त्या गावचे लोक म्हणे एवढे दाताला येतात, मग माझ्याकडे एकही का चढत नाही?"

मैनराडने कॅरबाइनवरून जोडी काढून तिच्या हातात दिली.

"तुमच्याकडे कोणीतरी एक आहे म्हणे," फ्रेनी पाय कागदात गुंडाळत म्हणाली, "पाय लावले की कमरेला स्टूल बांधतो. पाच जणांनी जोड्या नेल्या आणि बहुतेक तळघरात ठेवल्या असतील. एक तर तोंडात झाकणाचा पाइप धरलेले गृहस्थ होते. नेऊन चारेक वर्षं झाली. एवढा शांत हात मी पाहिला नाही. बंदूक चालवतात का अजून?"

झाकणाच्या पाइपवाला म्हणजे वरच्या कुरणावरचा बाल्झ हाइन्झर. चार वर्षांपूर्वी बाल्झने नेमबाजी सोडली होती. डोळे गेले म्हणाला होता. मैनराडने तेव्हा त्याला सगळ्यांसमोर एक जुना चष्मा भेट दिला होता. फार हसले होते लोक.

परतीच्या बसमध्ये मैनराड पुडके मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसला. मागच्या बाकावरून कोणीतरी ओळखीच्या आवाजात विचारले, "दाताचं काय झालं रे?" त्याने वळून न बघता सांगितले, "मुळापासून निघाला."

शनिवारी सकाळी बाल्झ लोणी घेऊन खाली यायला निघाला. पाळणा दरीच्या मधोमध आला आणि थांबला. थोडा झुलला आणि स्थिर झाला. आत टेलिफोन वाजला.

"बाल्झ, मैनराड बोलतोय."

"अरे, वीज गेली का?"

"नाही. मी थांबवलाय. उद्या नेमबाजीला येतोस का?"

"डोळे गेलेत माझे. तूच चष्मा दिलास की."

"समोरच्या कड्यावर एक शेळी आहे. कोणाची?"

बाल्झने सवयीने बघितले. "आलोइशियाची. डाव्या कानाला खाच आहे."

"डोळे छान आहेत," मैनराड म्हणाला. "उद्या येताना तळघरातले पाय घेऊन ये."

"कोणी सांगितलं तुला?"

"दाताच्या डॉक्टरनं."

"मैनराड, गाडी चालू कर. लोणी वितळतंय."

"येतो म्हण, मग करतो."

"आणि ते स्टूल? मी या वयात शेपूट लावून वाइन पिणार नाही, सांगून ठेवतो."

"स्टूल यंदा दुसऱ्या कोणाला तरी आहे."

"कोणाला?"

"तू आल्याशिवाय कळायचं नाही."

बाल्झला जगात दोनच गोष्टी आवरत नसत, एक पाइप आणि दुसरी उत्सुकता. "येतो," तो म्हणाला. "आता ओढ मला, हरामखोरा."

रविवारी ऊन छान पडले होते. निशाणांसमोरच्या कुरणातल्या गाई बाजूला हाकलल्या होत्या. मंडळाच्या खोलीमागे सॉसेज भाजायला लागले होते. बायका बाकांवर बसल्या होत्या. तेवढ्यात मैनराड बेटशार्ट मंडळाच्या खोलीतून बाहेर आला. डोक्यावर बिल्ल्यांची टोपी, हातात पाय लावलेली कॅरबाइन आणि कमरेला एकपायी स्टूल. प्रत्येक पावलाला ते मागे उजवीकडे डावीकडे झोके घेत होते.

आधी कोणी हसलेच नाही. स्टूल खिळ्याला नाही आणि मैनराडच्या मागे आहे, हे लोकांच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. मग झावेर ओरडला, "अरे, ओळी! ओळी म्हण!"

मैनराड थांबला, टोपी काढली आणि म्हणाला :

दुसऱ्यांच्या पायांवर हसलो, माझाच खांदा मोडला,
शेवटी हा जुना वळू आपल्याच दाव्याला जोडला!

आगाथा सर्वांत मोठ्याने हसली. तिला हसताना बघून बाकीचे सुटले.

मैनराड चटईवर पालथा पडला, पण पट्टा सोडायचे विसरला. आता स्टुलाचा पाय सरळ आकाशाकडे उभा होता. मागून कोणीतरी म्हणाले, "झेंडा लावा रे त्याला!" मैनराडलाही हसू आले आणि पहिली गोळी त्या हसण्यात एका गुणाने हुकली. मग त्याने श्वास सोडला, पाय थोडे पुढे ढकलले, आणि टोक निशाणावर थांबले.

तो नेम धरत असताना मागे मोटारींची दारे उघडल्याचे आवाज आले. तो उठेपर्यंत चार जण आपापल्या गाड्यांतून पुडकी घेऊन आले होते. पुडक्यांवरचा कागदही अजून निघाला नव्हता. त्यांत अध्यक्ष झावेर होता. तो मैनराडची नजर चुकवत पुडक्याचा दोरा सोडत होता.

"दाढ का रे?" मैनराडने विचारले.

"अक्कलदाढ," झावेर म्हणाला.

पाचवा बाल्झ. तो कोणाशी न बोलता शेवटच्या चटईवर पडला, पाइप तोंडात तसाच, न पेटवलेला. त्याच्या गोळ्या एका जागी अशा बसल्या की पडद्यावर बघणाऱ्याला वाटे, यंत्र अडकले आहे.

मैनराडला बिल्ला मिळाला. पहिली गोळी हसण्यात हुकली नसती तर तो बाल्झच्या बरोबरीला आला असता. बाल्झ त्याच्यापेक्षा एका गुणाने पुढे होता. दुपारी सहाही जण एका बाकावर बसून कडक भाजलेल्या सॉसेजचे लचके तोडत होते. आगाथा त्यांच्याकडे बघून शेजारणीला म्हणाली, "एवढे दुखणेकरी आणि दात बघ कसे!" स्टूल खिळ्याला परत गेलेच नाही. आगाथाने ते गोठ्यात नेले, दूध काढायला.

पुढच्या शनिवारी पाळणा मधोमध आला. या वेळी मैनराडने तो थांबवला नव्हता, तरी टेलिफोन वाजला.

"मैनराड," बाल्झ म्हणाला, "किती गुणांनी रे?"

"एका."

"वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही."

मैनराडने खिडकीतून वर बघितले. पाळण्याच्या खिडकीतून पाइपचा धूर येत होता. त्याने हात बटणाकडे नेला, विचार केला, आणि वेग थोडासा कमी केला.

"एका गुणानं, बाल्झ," तो म्हणाला. "सावकाश ये खाली. परत सांगतो."