तिसऱ्या मजल्यावरचा ऊस

माझ्या बायकोचा ऊस तोडणीला आला होता आणि ऐन हंगामात तिचं हार्वेस्टर अडत होतं. (आम्ही सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या मालकीची शेती म्हणजे कढीपत्त्याची एक कुंडी.)

त्याचं असं झालं. मुलीनं पुण्यात नवीन लॅपटॉप घेतला आणि गेम खेळायचा जुना दणकट लॅपटॉप आईला देऊन टाकला. त्यात शेतीचा एक गेम होता. महानंदा, म्हणजे माझी बायको, मूळची वळसंगची. माहेरी ट्रॅक्टर होता, पण तिला आणि तिच्या धाकट्या बहिणीला, शांताला, भावांनी कधी त्याच्या सीटवर बसू दिलं नाही. डबा घेऊन शेतात जायचं आणि बांधावरून बघायचं, एवढाच ट्रॅक्टर दोघींच्या वाट्याला आला. आता पन्नाशी ओलांडल्यावर दोघी रोज संध्याकाळी सहाला शेतात उतरायच्या. ही सोलापुरातून, शांता माढ्यातून. ही हार्वेस्टरनं ऊस तोडणार, शांता शेजारून ट्रॉली चालवणार, आणि फोन स्पीकरवर ठेवून दोघी मिळून भावांना नावं ठेवणार. इतकी खूश मी तिला आमच्या लग्नातही पाहिली नव्हती.

लॅपटॉप टीव्हीला जोडला की मोठ्या पडद्यावर हे सगळं झकास चालायचं. पण माझ्या आईची, म्हणजे अव्वाची, एक नवी मालिका बरोबर सहाला सुरू झाली. अव्वापुढे ऊस काय, साखर कारखानासुद्धा टिकला नसता! तेव्हा महानंदा लॅपटॉप मांडीवर घेऊन पलंगावर बसली आणि त्याच्याच पडद्यावर खेळू लागली. त्या दिवसापासून हार्वेस्टरला उचक्या लागल्या. चार फूट चाललं की थांबायचं, मग एकदम दहा फूट पुढे. तोडलेला ऊस ट्रॉलीत पडायच्या ऐवजी बांधावर पडायला लागला.

शांतानं चार दिवस सोसलं. पाचव्या दिवशी तिनं फोनवर निर्वाणीचं सांगितलं, "अक्का, रविवारपर्यंत नीट झालं तर बघ. न्हायतर मी शेजारच्या वैनींना पार्टनर घेते. त्यांचा कंप्युटर लई पळतो."

महानंदानं लॅपटॉप मिटला आणि ती भाकऱ्या थापायला गेली. मला ते बघवेना. वाईट वाटलं. "रविवारच्या आत नीट करून देतो," मी शब्द दिला. शेवटी तीस वर्षं वीज खात्यात काढलेला माणूस आहे मी. (आवक-जावक विभागात. पण नातेवाइकांना एवढं खोलात शिरायचं कारण नाही.)

माझा तर्क सरळ होता. टीव्हीवर चालतं, लॅपटॉपच्या पडद्यावर चालत नाही, म्हणजे रोग पडद्यात. पडद्याचा भार हलका करायचा म्हणून गुरुवारी मी गेममधली चित्रं साधी करत गेलो. सावल्या काढल्या, ढग काढले, मग पानं काढली. शेवटी शेतात नुसत्या हिरव्या काड्या उभ्या राहिल्या आणि हार्वेस्टर त्या काड्यांतही अडलं. हा ऊस हाय का उदबत्त्या, असं महानंदानं विचारल्यावर मी पानं परत लावली.

शुक्रवारी मी ठरवलं की दोष सोलापूरच्या उन्हाळ्याचा. लॅपटॉप दोन विटांवर ठेवून कूलरसमोर मांडला आणि महानंदाला त्याच्यामागे स्टुलावर बसवलं. हार्वेस्टर ढिम्म हललं नाही. महानंदाला मात्र सर्दी झाली.

शनिवारी सकाळी एका व्हिडिओत बघून पडद्याचीच सेटिंग बदलायला घेतली, तर सगळं चित्र आडवं झालं! ते सरळ करता करता माझे दोन तास गेले. तेवढा वेळ ही मान वाकडी करून शेजारी बसली होती. पडलेला ऊस तोडायला लई जड जातो, एवढंच म्हणाली.

दुपारी लॅपटॉप घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं तो टेबलावर ठेवला, आपली वायर जोडली, गेम चालू केला. हार्वेस्टर वाऱ्यासारखं पळालं. "हितं तर पळतंय की काका," तो म्हणाला. मी उड्या मारत घरी आलो. महानंदा तो घेऊन पलंगावर बसली आणि पुन्हा उचक्या.

दुकानात चालतं, घरात चालत नाही, म्हणजे रोग घरात. रविवारी मी पलंग पूर्वेला केला. मग उत्तरेला केला. अव्वानं मला डॉक्टरकडे नेण्याबद्दल सुनेशी कुजबूज केली, पण मी मागे हटणारा नव्हतो. सहाला पाच मिनिटं असताना मी पलंग नैर्ऋत्येकडे ढकलत होतो, महानंदा त्याच्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती आणि फोनवर शांता विचारत होती की वैनींना बोलवू का. तेवढ्यात बॅटरी संपत आल्याची सूचना आली.

आमच्या घरात एक कायदा आहे, आणि तो मी केलेला आहे. पिन लावलेलं कुठलंही यंत्र मांडीवर घ्यायचं नाही. आधी चार्ज करायचं, पिन काढायची, मग वापरायचं. महानंदानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि चार्जरची पिन लॅपटॉपला लावली. हार्वेस्टर सुसाट सुटलं. उसाच्या दोन रांगा एका दमात ट्रॉलीत पडल्या.

मी घाम पुसला. "बघ," मी म्हणालो, "दिशा बरोबर पाहिजे."

"दिशा कसली रं?" टीव्हीवरची नजर न काढता अव्वा म्हणाली. "तिनं पिन लावली की. टीव्हीला जोडता तवा बी पिन असतीच."

मी पिन काढली. हार्वेस्टर थांबलं. लावली, पळालं. खात्री करायला पाच वेळा काढली आणि लावली, तेव्हा पलीकडून शांताचा आरडाओरडा ऐकू आला. दुकानदाराला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला की बॅटरीवर असला की लॅपटॉप हात आखडता घेतो, पूर्ण जोर लावत नाही. आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. त्याला वाटलं, वीज खात्यातल्या माणसाला काय सांगायचं.

ऊस रविवारीच निघाला. महानंदा इतकी हसत होती की मला खरंच बरं वाटलं. तिनं मोठ्या मनानं मलाही दुसऱ्या दिवशी मोबाइलवरून शेतात कामाला घेतलं, ट्रॉलीवर. पाचव्या मिनिटाला मी ती भरलेली ट्रॉली कालव्यात घातली.

त्या गेममध्ये आपोआप गाडी चालवणारा कंप्युटरचा एक ड्रायव्हर मिळतो. माझ्या जागी दोघींनी त्याला ठेवलं. चालवतो तोही बेताचाच, पण शांताचं म्हणणं, "दाजींपेक्षा बरा हाय. चुकला तर गप उभा राहतो, पलंग हलवत न्हाय."