साखीरच्या वाळूत सुके बोंबील

रोझमेरीबाईंनी बहरीनमध्ये नर्स म्हणून उभा जन्म काढला, पण वाळवंट म्हणाल तर बघितलं बसच्या खिडकीतून! गुदैबियातला फ्लॅट, हॉस्पिटल, चर्च, खलास. आणि वाचायचं वेड कसलं? तर दीडशे वर्षांपूर्वी उंटावर बसून अरबस्तान पालथं घालणाऱ्या गोऱ्या साहेबांचं. तहानेने कासावीस होणारे, ताऱ्यांवरून वाट काढणारे ते साहेब बाईंना सख्ख्या भावांसारखे. राग यायचा तो एकाच गोष्टीचा. "उंटाचंसुद्धा नाव लिहितो मेला, आणि रोज रांधून घालणाऱ्याचं नाही. लाज कशी वाटली नाही!"

आता रिटायरमेंट आली. महिनाअखेरीला कायमचं वसईला. त्याआधी एकदा तरी वाळवंटात एकटीनं चालायचं, हा बाईंचा हट्ट. नवरा ह्युबर्ट, हॉटेलातला जुना कुक, म्हणाला, "आधी गुडघे बघ." पण शेवटी साखीरच्या वाळवंटात तंबू ठोकला त्यानेच. बाईंनी ताकीद दिली, "सुके बोंबील आणलेस तर याद राख. चारचौघांत वास नको."

संध्याकाळी बाई निघाल्या. साहेबांकडे कुठे फोन होता? म्हणून फोन मुद्दाम तंबूत ठेवला. पण कसला एकांत नि कसलं काय! थंडीत अख्खं बहरीन तिथे तंबू ठोकून बसलेलं. दर तंबूतून "या, बसा". नाही म्हणायची सोय नाही. तहान राहिली बाजूला, कॉफी-खजुरांनी बाई टम्म फुगल्या.

परतताना मात्र पाचावर धारण बसली. अंधारून आलेलं, सगळे तंबू सारखेच पांढरे, आणि दिव्यांच्या झगमगाटात एक तारा दिसेल तर शपथ! "येशू रे, काळजीनं जीव जाईल ह्युबर्टचा," म्हणत बाई रडकुंडीला आल्या.

तेवढ्यात वारा फिरला. शेगड्यांवरच्या मटणाच्या धुरातून एक वास सरळ नाकात घुसला. सुके बोंबील!

त्या वासामागे बाई जवळजवळ धावतच सुटल्या. तंबूपुढे ह्युबर्ट तव्यावर वाकलेला, डोळे लालबुंद. "फोन टाकून गेलीस! हाका मारून घसा बसला माझा. म्हटलं, हाक पोचत नाही तर वास तरी पोचेल. सगळी पिशवी भाजून काढली."

बाईंनी ओरडायला तोंड उघडलं, आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून हमसाहमशी रडल्या. मग दोघांनी सगळे बोंबील संपवले.

शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चबाहेर मैत्रिणींनी घेरलं. "सांग गं, एकटीनं वाळवंटात कशी फिरलीस?"

बाई ऐटीत बाकावर बसल्या. म्हणाल्या, "तर ऐका. आमच्या कुकचं नाव ह्युबर्ट."