कॉम्प्युटरने वाटलेला आहेर

ये गो मनू, अशी जवळ ये. तो लॅपटॉप मीट आणि जरा माझ्याकडे बघ. मघापासून ऐकत्ये मी. फोटोंना मराठीत नावं दिलीस तर ती सगळी इंग्रजीच्या खाली जाऊन बसली, क्रम बिघडला, म्हणून कपाळाला आठ्या घालून बसल्येस. तिकडे पानात आमटी गार झाली! एवढ्याशा कारणावरून कुणी जेवण सोडतं? तुझ्या आईच्या लग्नात काय झालं ते तुला ठाऊक नाही वाटतं. ती कशाला सांगेल. त्या दिवशी तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तर आमच्या घरात कॉम्प्युटर पहिल्यांदा आला तो शुभाच्या, म्हणजे तुझ्या आईच्या लग्नात, आणि त्याने पहिलं काम केलं ते आचाऱ्याला रेशमी साडी देण्याचं.

ऐंशी साल उलटून बरीच वर्षं झाली होती तेव्हा. माझा पुतण्या जयंत मुंबईहून नोकरी सोडून रत्नागिरीत आला आणि गाडीतळाजवळ एक खोली भाड्याने घेऊन म्हणाला, मी इथे कॉम्प्युटर शिकवणार. गावाला वाटलं, पोराला मुंबईचं पाणी बाधलं. शिकायला कुणी येईना. तेव्हा त्याच्या डोक्यात आलं की शुभाच्या लग्नात सगळ्या पाहुण्यांदेखत कॉम्प्युटरची करामत दाखवायची. मग काय, यंत्र गोधडीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन, ओली बाळंतीण आणावी तसं घरी आणलं! धूळ नको, ऊन नको, ओला हात नको. घरात टेबलफॅन एकच. तो त्याच्यासमोर लागला आणि मे महिन्याच्या उकाड्यात आम्ही सगळे पुठ्ठ्याने वारा घेत बसलो. माझ्या जाऊबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं, तेव्हा जयंत असा ओरडला की बाहेर माडाचे झाप शाकारणारा गडी मांडवावरून खाली उतरला.

आता त्या यंत्राचा लग्नाशी संबंध काय? तर आहेर.

आपल्याकडे आहेर म्हणजे नुसती वस्त्रं नव्हेत गो, ती माणसाची पायरी असते. व्याह्यांना धोतरजोडी, जरीकाठी उपरणं आणि टोपी, कारण तो घरातल्या कर्त्या पुरुषाचा मान. विहिणीला साडी, तिच्यापेक्षा तसूभर हलकी तिच्या जावेला. ड्रायव्हरला खाकी कापड, शेजारणीला वापरायची साडी. जरा इकडचं तिकडे झालं की माणसं पुढची वीस वर्षं त्या घरचं पाणी पीत नाहीत. आणि शुभाच्या सासरी एक आत्या होती. माईआत्या, देवरूखची. नवऱ्यामागे माहेरी आलेली, भावाचं सगळं घर, शेती, गडीमाणसं तिच्या एका नजरेवर चालायची. एका लग्नात हिला विटकी साडी दिली तर ही मांडवातून उठून चालत एस.टी. स्टँडवर गेली होती, मागे वरात थांबलेली. शुभाने माझे हात धरून सांगितलं होतं, "आई, बाकी काही चुकलं तरी चालेल. आत्यांच्या आहेरात चूक नको. जन्म मला तिथे काढायचाय."

म्हणून मी माईआत्यांसाठी खास कोल्हापूरहून अंजिरी रंगाची रेशमी साडी मागवली. रंग गडद, काठ नाजूक, वयाला शोभेल अशी.

दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या कार्यात मी आहेराच्या पुडक्यांवर पेन्सिलीने नावं घालायचे. जयंत म्हणाला, "काकू, पेन्सिल कसली? मी मराठीत छापून चिठ्ठ्या देतो. देवरूखकर बघत राहतील." त्याने प्रत्येक पाहुण्याची यंत्रात वेगळी फाईल केली. फाईल म्हणजे काय विचारलं तर म्हणाला, कपाटातला एकेक खण समजा, खणावर माणसाचं नाव. मी हरखले. मला शाळा मिळाली ती दुसरीपर्यंत, पुढचं सगळं वाण्याच्या पुड्या वाचून शिकले, पण अ ते ज्ञ मला झोपेत विचारा! मी माजघरात भिंतीला लावून पुडकी मांडली, नावांच्या क्रमाने, अगदी शाळेतल्या रांगेसारखी. जयंतने विचारलं, पुडकी क्रमाने आहेत ना? म्हटलं, आहेत. मी विचारलं, तुझ्या चिठ्ठ्या क्रमाने येतील ना? म्हणाला, ते काम यंत्राचं, ते आपोआप लावतं. मग ते छापायचं यंत्र कर्रर्र कर्रर्र करत सुरू झालं आणि अर्धी आळी खिडकीत गोळा झाली.

आता गोम काय होती ती आम्हाला दुसऱ्या दिवशी कळली, पण तुला आधीच सांगत्ये, म्हणजे पुढची मजा कळेल. त्या मेल्या यंत्राला मराठीचा गंधच नव्हता. पडद्यावर मराठी अक्षर दिसायचं, पण खाली दाबलेली कळ इंग्रजीच. ते क्रम लावायचं त्या कळींचा. त्यात पहिली वेलांटी आधी दाबायची, मग अक्षर. त्यामुळे गिरिजाबाई, दिनकरराव, विठाबाई अशी वेलांटीची सगळी माणसं, ओळख ना देख, एका बाकावर जाऊन बसलेली. आणि उरलेल्यांत म च्या मागे ह, ह च्या मागे अ, अशी जत्रा.

मी चिठ्ठ्या वाचल्या असत्या तर जागच्या जागी समजलं असतं. पण तेवढ्यात आचारी बाबल्या नारळ कमी पडले म्हणून आरडत आला आणि मी मागच्या दारी गेले. चिठ्ठ्या चिकटवल्या तुझ्या आजोबांनी. सरकारी कचेरीत उभा जन्म गेलेला माणूस. पहिली चिठ्ठी पहिल्या पुडक्याला, दुसरी दुसऱ्याला. कागदावर काय लिहिलंय हे वाचायचं आपलं काम नव्हे, अशी त्यांची शिस्त. रेडिओवरच्या बातम्या संपायच्या आत त्यांनी खळीची वाटी रिकामी केली आणि हात धुऊन मला सांगितलं, "बघ, एकही वाकडी नाही."

खरंच नव्हती.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या, पंगती उठल्या आणि आहेर सुरू झाला. मी नाव वाचायचं, हे पुडकं द्यायचे. व्याह्यांना पहिलं दिलं. गरीब माणूस, मांडीवर ठेवून हसत बसला. दुसरं माईआत्यांना. त्यांनी तिथल्या तिथे सुतळी सोडली, कारण त्या कुणावरही विश्वास ठेवत नसत. कागद उघडला आणि आतून निघाली धोतरजोडी. मग जरीकाठी उपरणं. आणि सगळ्यात शेवटी, दोन बोटांत धरून वर उचललेली काळी टोपी.

शुभाने मुंडावळ्या बाजूला सारून माझ्याकडे बघितलं. जयंत आत पळाला, यंत्राकडे. ते काय सांगणार होतं त्याला? मी म्हटलं, झालं, आता ही बाई उठते आणि माझी पोर उद्या परत येते.

माईआत्या उठल्याच. त्यांनी उपरणं झटकलं, खांद्यावर घेतलं आणि भावाकडे बघून सावकाश म्हणाल्या, "अण्णा, तुझं काय निघालं?"

अण्णांनी पुडकं सोडलं. आतून निघाली फुलाफुलांची नायलॉनची साडी, आमच्या शेजारच्या हमीदाभाभींसाठी घेतलेली.

"बरोबर," माईआत्या म्हणाल्या. "नांगर कुठल्या शेतात घालायचा, भात कधी विकायचं, हे घर कुणी चालवलं एवढी वर्षं? मी. आणि प्रत्येक लग्नात मला साडी, मान ह्याला. पहिल्यांदा कुणीतरी माणूस बघून आहेर केलाय."

मी घाईघाईने सांगायला गेले की अहो, तो कॉम्प्युटर, त्या फायली, ती वेलांटी... पण त्या माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "विहीणबाई, इतका विनय बरा नव्हे."

आणि गो, एकदा त्यांनी तसं ठरवल्यावर कुणाची छाती होती पुडकं बदलून मागायची? उलट जो तो आपापल्या पुडक्यात अर्थ शोधायला लागला. हमीदाभाभींना ड्रायव्हरचं खाकी कापड गेलं होतं. त्या मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "वहिनी, मालक कुवेतला, जूनमध्ये पोरांच्या शाळेच्या चड्ड्या कुठून शिवू ह्या चिंतेत होत्ये. तुमाला कसं समजलं?" गुरुजींना खणाची चोळी गेली, त्यांनी मान डोलावून ती पिशवीत घातली, घरी लग्नाची मुलगी होती म्हणे. आणि माझी ती अंजिरी रेशमी साडी गेली बाबल्या आचाऱ्याला. मी चुलीकडे धावले, तोवर त्याच्या बायकोने ती नेसलीसुद्धा, आणि त्या साडीत कढईतल्या जिलब्या काढत होती. काय बोलणार? म्हटलं, शोभते हो तुला.

जयंतचं नशीब मात्र उघडलं. पुढच्याच आठवड्यात त्याच्या खोलीपुढे चपलांची रास. कॉम्प्युटर माणसाच्या मनातलं ओळखतो म्हणे, अशी पार नाटे गावापर्यंत बातमी गेली होती.

आणि मी? देवरूखला मी फार पुढारलेल्या विचारांची बाई म्हणून ओळखली जाते. आजही तिकडे कुणाचं कार्य निघालं की बायका मला विचारायला येतात, कुणाला काय द्यावं. मी डोळे मिटून गंभीर चेहरा करते, त्यांना वाटतं विचार चाललाय. खरं सांगू, आजवर मला एकदाही काही सुचलेलं नाही. तेव्हा तू उद्या निघालीस तरी पंधरा दिवसांत परत ये हो, पुन्हा पाच जणी यायच्यात देवरूखहून. आणि येताना ते तुझं यंत्र आण, क्रम बिघडलेला आहे तसाच ठेव!