‘इतर’च्या रकान्यातल्या मुली

आलेख खाली गेलेला पाहिला तेव्हा मी आधी मुलींवरच चिडले. आज सांगायला लाज वाटते, पण चिडले होते. वर्षभर या मुलींसाठी गाझियाबादहून मानेसरपर्यंत मेट्रो आणि शेअर ऑटोच्या धक्क्यांनी कंबर मोडून घेतली, आणि शेवटी यांनी हे लिहावं?

दिल्लीतल्या एका छोट्या संशोधन संस्थेत मी काम करत होते. मानेसरच्या एका सरकारी शाळेत आमचा प्रकल्प चालू होता. नववीच्या मुलींना टॅबलेट आणि त्याला जोडायचे सेन्सर द्यायचे. तापमान, प्रकाश, बल त्यांनी स्वतःच्या हातांनी मोजायचं. आणि वर्षाअखेरीस विज्ञानातल्या करिअरची त्यांची ओढ वाढली का ते पाहायचं. अनुदान एकाच वर्षाचं होतं. ओढ वाढलेली दिसली तर दुसरा टप्पा मिळणार होता, नाही तर प्रकल्प बंद आणि सेन्सरचे संच परत. त्या शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ही जाण्याआधी एक कुलूपबंद कपाट आणि दोन फुटकी चंचुपात्रं होती. संच गेले की पुन्हा तेवढंच उरणार, हे मला ठाऊक होतं.

मोजायची पद्धत सोपी होती. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी तोच फॉर्म भरून घ्यायचा. ‘मोठं होऊन काय व्हायचं आहे?’ या प्रश्नाचं उत्तर मुलींनी आपल्या शब्दांत लिहायचं. मग आमच्या दोन मदतनीस मुली ती उत्तरं एका यादीशी ताडून पाहणार. यादीत असलेलं उत्तर ‘विज्ञान करिअर’मध्ये, नसलेलं ‘इतर’मध्ये. पहिल्या वेळी डॉक्टरांची नुसती रांग लागली होती. वर्षाअखेरीस डॉक्टर गायब झाले आणि ‘इतर’चा रकाना तुडुंब भरला. आमच्या हिशेबानं मुलींची विज्ञानाची ओढ कमी झाली होती.

रात्री घरी जाऊन उत्तरं पुन्हा चाळावीत, एवढाही धीर मला नव्हता. मी तिथेच, ऑफिसच्या जमिनीवर फॉर्म पसरून बसले. ‘क्वालिटी में’. ‘क्वालिटी वाली मैडम’. ‘मशीन चेक करने वाली’. ‘आईटीआई करके टेस्टिंग’. पानामागून पान तेच. आणि यादीत यातलं एकही नव्हतं.

यादी केली होती मी. एका रविवारी, आमच्या जेवणाच्या टेबलावर, पोहे खाता खाता. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, माझी भावंडं पुण्यात आयटीत, मुलगी दिल्लीतल्या चांगल्या शाळेत. डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ, फार्मासिस्ट असं करत गेलो. मुलगी म्हणाली, ‘‘आई, अ‍ॅस्ट्रोनॉट पण टाक ना यार,’’ तर कौतुकानं तेही टाकलं. मानेसरच्या मुलींसाठीच्या यादीत अंतराळवीर होता, पण त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावरच्या कारखान्यात रोज चालणारं हे माल तपासण्याचं काम नव्हतं. आमच्यासारख्या घरात ते काम करिअर म्हणून कुणाच्या तोंडीच येत नाही, आणि हे माझ्या लक्षातही आलं नाही. शिकलेल्या बाईची अक्कल ती!

दुसऱ्या दिवशी मी शाळा गाठली. दोन वेण्या घालणारी, प्रयोगात कायम पुढे घुसणारी एक मुलगी होती. तिची आई गाड्यांच्या स्प्रिंग बनवणाऱ्या कारखान्यात पॅकिंगला होती. मधल्या सुट्टीत मी तिला विचारलं, ‘‘पहले तो तुमने डॉक्टर लिखा था ना?’’

‘‘डॉक्टर तो सब लिखते हैं, मैम,’’ ती डबा उघडत म्हणाली. ‘‘फॉर्म में वही लिखते हैं।’’

‘‘और क्वालिटी?’’

ती एकदम खुलली. आम्ही वर्गात बलाच्या सेन्सरवर स्प्रिंग दाबून आकडे घेतले होते, तसंच आईच्या कारखान्यातही दाबून बघतात म्हणे. तिथे एक मॅडम असते. ‘‘वो मना कर दे ना मैम, तो ट्रक नहीं निकलता। सुपरवाइज़र भी कुछ नहीं बोल सकता।’’ मग पराठ्याचा तुकडा मोडता मोडता ती म्हणाली, ‘‘वो तो मैं बनूँगी।’’

मी तिथल्या बाकावर बसले आणि मला रडू आलं. डॉक्टर हे आम्हाला खूश करायला दिलेलं उत्तर होतं. खरं उत्तर दुसऱ्या वेळी आलं होतं, आणि आम्ही ते ‘इतर’मध्ये ढकललं होतं.

आमचे प्रकल्पप्रमुख नागपूरचे. माणूस प्रेमळ, पण अनुदानासाठी वाऱ्या करून करून थकलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘अगं, मग अडलंय कुठे? क्वालिटीला इंजिनिअरिंगमध्ये टाक. आलेख वर जाईल, फाइल क्लिअर, चलो, खतम.’’

‘‘आणि यादी बदलली ते लिहायचं?’’

‘‘कुठे लिहीत बसतेस? कोण बघतंय?’’

‘‘सर, निकाल पाहून मग गुपचूप यादी बदलायची? उद्या माझ्याच विद्यार्थ्यानं हे केलं तर मी त्याला दारात उभं तरी करीन का?’’

सरांचा आवाज चढला. ‘‘तुझ्या तत्त्वांपायी त्या मुलींचे संच जातील. तुझी नोकरी जाईल, त्या दोघी मदतनीसांची जाईल. हे दिसतंय का तुला?’’

दिसत होतं. घरी जाताना मेट्रोमध्ये मी मनातल्या मनात दोनदा यादी बदलली आणि दोनदा पूर्ववत केली. तिसऱ्यांदा स्वतःचाच राग आला. नऊ महिने मुलींना सांगत होते, आकडा आवडला नाही म्हणून खोडायचा नाही, पुन्हा मोजायचं. आणि स्वतःची पाळी आली तर खोडरबर शोधत होते. ठरलं मग. यादी चुकली होती तर चुकली म्हणून सांगायचं, आणि दुसरा टप्पाही मागायचा. मूग गिळून बसायचं नाही.

अनुदान देणाऱ्या समितीची बैठक कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी इमारतीत होती. सर शेजारी बसले होते, पण त्यांनी ‘तूच बोल’ म्हणून अंग काढून घेतलं होतं. मी पहिला तक्ता दाखवला, जसा होता तसा. सांगितलं, आमच्या यादीप्रमाणे प्रकल्प नापास आहे. मग मुलींची उत्तरं वाचून दाखवली, एकामागून एक, त्यांच्याच शब्दांत. शेवटी म्हटलं, यादी मी केली होती, नापास मी झाले आहे, मुली नाहीत.

समितीत भौतिकशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापक बाई होत्या. चष्म्यावरून पाहत त्यांनी विचारलं, ‘‘म्हणजे वर्षभराच्या पैशातून आम्हाला तुमची चूक मिळाली?’’

‘‘हो,’’ मी म्हटलं. ‘‘आणि ती इथे बसलेल्या आपल्या सगळ्यांची असू शकते. ही यादी मागच्या वर्षी तुम्हीच मंजूर केली होती.’’

सरांनी डोळे मिटून घेतले. बाई मात्र हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत; त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. दुसरा टप्पा नामंजूर. नवी यादी आधी तयार करून नव्यानं अर्ज करावा. तोवर सेन्सरचे संच एक वर्ष शाळेतच राहू द्यावेत. आमची पदं महिनाअखेरीस संपत होती. मदतनीसांपैकी एकीला लगेच दुसरीकडे काम मिळालं. दुसरीला अजून मिळालेलं नाही, आणि तिच्यापुढे मला मान वर करता येत नाही. सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलींच्या फॉर्मची पेटी ड्रायव्हरबरोबर माझ्या घरी पाठवली आणि फोनवर एवढंच म्हणाले, ‘‘नव्या अर्जाला लागतील. मला मसुदा दाखवल्याशिवाय पाठवू नकोस, कळलं?’’

नोकरीच्या शेवटच्या शनिवारी मी संच शाळेच्या ताब्यात द्यायला गेले. विज्ञानाच्या बाईंनी ते तपासून घ्यायचं काम त्या दोन वेण्यांवाल्या मुलीकडे दिलं होतं. तिनं टेबलावर सगळे बलाचे सेन्सर ओळीनं मांडले आणि प्रत्येकाला तेच वजन लटकवून आकडा वहीत उतरवत गेली. मी घाईत होते, खरं तर मला लवकर निघायचं होतं म्हणजे डोळ्यांत पाणी येणार नाही. पाचव्या सेन्सरपाशी ती थांबली. वजन काढलं, आकडा शून्यावर आणला, पुन्हा लटकवलं.

‘‘ये वाला नहीं लूँगी, मैम।’’

मी वाकून पाहिलं. ‘‘बेटा, ज़रा-सा ही तो फ़र्क है। चल जाएगा।’’

‘‘नहीं चलेगा,’’ ती म्हणाली. तिनं सेन्सर उचलून माझ्या हातात परत दिला. ‘‘कब तक ठीक करके लाओगी?’’

माझी नोकरी आता नाही, दुरुस्ती कोण करणार, कुठल्या खात्यातून, हे सगळं मनात येऊन गेलं. ‘‘अगले शनिवार,’’ म्हटलं आणि सेन्सर पर्समध्ये टाकला. तिनं वहीत तारीख लिहिली, त्यापुढे एक रेघ ओढली आणि सहीसाठी पेन माझ्यापुढे धरलं.