नकार लिहून मागणाऱ्या कर्णिकबाई

कुणी "नाही" म्हटलं की कर्णिकबाई कोरा कागद पुढे सरकवायच्या. "तोंडी नकार म्हणजे फुंकर. इथं लिहा." दादरच्या जुन्या घराण्यातल्या, विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या. परळच्या रुग्णालयाबाहेर बाकावर बसून, सरकारी विमा योजनेत नाकारलेल्या रुग्णांचे अर्ज त्या लिहून द्यायच्या.

मी किनवटकडचा, सातवीत शाळा सुटलेला, वडाळ्याला वॉचमन. माझ्या बायकोचं, सुमनचं, हृदयाचं दुसरं ऑपरेशन अडलं होतं. पहिल्या ऑपरेशनच्या दाव्यावर विमा कंपनीचा शेरा होता : 'घरी भेट दिली. रुग्ण धडधाकट. ऑपरेशन झालेलंच नाही.' डोळे पुसत मी तो कागद बाईंपुढे ठेवला.

"रडायचं नंतर," बाई खेकसल्या. "कुठल्या घरी भेट दिली?"

"गावच्या. रेशनकार्डावर तोच पत्ता आहे."

"तिथं कोण असतं?"

"कुलूप. तीन वर्षं झाली. शेऱ्यात भेटीची जी तारीख आहे, त्या तारखेला सुमन इथंच वॉर्डात होती, छातीला टाके."

"वा! म्हणजे कुलपालाच विचारलं, तब्येत कशी आहे?"

बाक हसला. कितीतरी दिवसांनी मीही.

मग बाईंनी योजनेच्या भोईवाडा, वरळीच्या कचेऱ्या पालथ्या घातल्या. जुने नकार जमवले. सगळ्यांवर तोच शेरा, शब्दाला शब्द.

योजनेच्या सरकारी साहेबांपुढे झालेल्या सुनावणीत कंपनीचा वकील हसून म्हणाला, "मॅडम, जुनी प्रकरणं आहेत. उकरून काय मिळणार?"

"जुनी आहेत म्हणूनच आणलीत. यातल्या चारांखाली सही माझी आहे, तुमच्याच कंपनीत होते तेव्हाची. भेटीला कुणी जायचंच नाही. शेरा वरून तयार यायचा, मी खुर्चीतून न उठता सही करायचे."

वाटलं, आता बाईही गेल्या आणि सुमनही. पण साहेबांनी आधी भेटीची आणि वॉर्डातली तारीख ताडून पाहिली. सुमनचं ऑपरेशन मंजूर झालं. जुने नकार पुन्हा तपासायचे ठरले, बाईंच्या सहीसकट.

जिन्यात मी म्हणालो, "बाई, तुम्हालाच धरलं तर?"

"धरू देत की रे! मी काय पळतेय? त्या चौघांच्या घरी मात्र आधी जाऊन येते. भेट द्यायची राहिलीय."

सुमनला ऑपरेशनला नेलं तेव्हा बाई वॉर्डात नव्हत्या. वरळीत एका दारात उभ्या होत्या. त्या घरातला रुग्ण केव्हाच गेला होता. तरी त्यांनी आपलं नाव सांगितलं, सही आपली होती हे सांगितलं, आणि घरच्यांनी 'या' म्हणेपर्यंत उंबऱ्याबाहेर थांबल्या.