बोंडअळीच्या डब्याचं अस्तर

डबा हसत होता. आमच्या धंद्यात तसंच म्हणतात. झाकणाचे कोपरे वर उचलले, मधला भाग खाली बसला, की डबा हसला. मिठाईचा डबा हसला तर कुणी बघत नाही, लोक पेढे बघतात. हा डबा मात्र मुंबईला अप्रूव्हलसाठी जायचा होता, आणि तो माझ्या टेबलावर दात काढून बसला होता.

"काकू, हे असंच राहीन का?" नीलेशनं विचारलं.

"असंच राहिलं तर मी युनिट बंद करून भजनी मंडळात जाईन," मी म्हणाले. "आता गप बस. मला विचार करू दे."

माझं यवतमाळला पॅकेजिंगचं युनिट होतं. मिठाईचे डबे, साड्यांचे डबे, बियाण्यांचे खोके. नागपूरला प्रिंटिंगचा डिप्लोमा करून आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, पुठ्ठे चिकटवायला शिक्षण कशाला लागतं? त्याचं उत्तर द्यायला मला बरीच वर्षं लागली. ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेले, सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरण्या एकामागून एक बंद, बाजारात शुकशुकाट. लोक लग्नं आटोपशीर करायला लागले आणि माझे साडीचे डबे निम्म्यावर आले. त्यामुळे नीलेश हे काम घेऊन आला तेव्हा मी नीट न ऐकताच हो म्हणून बसले.

नीलेश आमच्याच कॉलनीतला, तहसील ऑफिसातल्या हेडक्लार्कचा मुलगा. वडिलांची इच्छा बँकेची परीक्षा, आणि याच्या गळ्यात गिटार. त्याचा रॉक बँड होता, नाव 'बोंडअळी'. वऱ्हाडीत गाणी, आणि आवाज असा की शेजारच्यांनी आधी दारं लावली आणि मग हळूहळू उघडली. त्यांचा 'सरकी' नावाचा अल्बम मुंबईच्या एका कंपनीनं काढला आणि यवतमाळपासून उमरखेडपर्यंत कॉलेजची पोरं वेडी झाली. आता कंपनी त्याचीच डिलक्स एडिशन काढत होती. म्हणजे तीच गाणी, वर आणखी दोनचार, जाड बुकलेट, फोटो, आणि जपून ठेवावा असा डबा. नीलेशनं वडिलांना समजावलं, "बाबा, ही फरदड आहे." कापसाचे मुख्य वेचे झाल्यावर त्याच झाडांना पाणी देऊन आणखी थोडा कापूस घेतात, ती फरदड. कापूस थोडा, भाव त्याहून थोडा. बाबांना बरोबर समजलं, म्हणून ते जास्तच काळजीत पडले.

डबा पुस्तकासारखा उघडणारा, आणि बाहेरून कागद नाही, मांजरपाट. बिनधुतलेलं जाडंभरडं सुती कापड. बँडचा हट्टच होता की बोंडअळीला कापूसच पाहिजे. मुंबईत कुणी या भानगडीत पडेना, म्हणून काम माझ्याकडे आलं. पुठ्ठ्यावर कापड चिकटवायला आम्ही मैद्याची खळ वापरतो, त्यात किडा लागू नये म्हणून मोरचूद. खळ ओली असते. वाळताना कापड आक्रसतं आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतं. त्यातून यवतमाळचा एप्रिल. सकाळी लावलेलं जेवणाच्या सुट्टीपर्यंत खडखडीत. शकुनबाई म्हणजे माझी सगळ्यात जुनी कामगार. तिनं डब्यांवर वजनं ठेवून पाहिली, शेवटी स्वतः बसून पाहिलं. उठली की डबा परत हसायचा.

"बाई, हा नवरदेव झाला, तोंडावरचं हसू उतरूनच नाही राह्यलं," शकुनबाई म्हणाली. मला हसू आलं नाही.

त्याच दिवशी फॅन आले. हे म्हणजे बँडचे चाहते. स्वप्नील फार्मसी कॉलेजचा, आणि अश्विनी उमरखेडहून पहाटेच्या एसटीनं खास डबा बघायला आलेली. माझी समजूत होती की चाहते गाणी ऐकतात. हे तर कव्हर वाचत होते! मांजरपाट खरं की छापलेलं, इथपासून सुरुवात. बुकलेटला टाचण्या मारणार की शिवणार? मग गाडी क्रेडिट्सवर आली. क्रेडिट्स म्हणजे मागच्या पानावरची बारीक अक्षरं, कुणी वाजवलं, कुणी रेकॉर्ड केलं वगैरे. मी जन्मभर तसली अक्षरं छापली, वाचली कधी नाहीत. या दोघांना ती तोंडपाठ होती.

"तिसऱ्या गाण्यातला ढोल कम्प्युटरचा आहे," स्वप्नील ठामपणे म्हणाला. "पाह्य ना, कव्हरवर लिहून हाय. पर्कशन प्रोग्रॅमिंग, आन् मुंबईवाल्याचं नाव."

"काहीही नको सांगू," अश्विनी म्हणाली. "कम्प्युटरले असा घाम येत नाही."

"मंग वाजवणाऱ्याचं नाव काहून नाही?"

तेवढ्यात दारातून आवाज आला. "थेच विचाराले आलो म्या!"

दारात एक धिप्पाड माणूस उभा. खाकी शर्ट, गळ्यात गमछा. नीलेशचा चेहराच पडला. हा मारोती टेकाम, पांढरकवड्याचा. हायवेवर ट्रक चालवायचा आणि ढोल वाजवायचा. नीलेशच्या घरी गेला होता, त्याच्या आईनं इकडे पाठवला.

"कम्प्युटर म्हनते! अबे, कम्प्युटरचा बाप उभा हाय समोर," तो स्वप्नीलला म्हणाला आणि माझ्या टेबलावरच्या पुठ्ठ्याच्या थप्पीवर त्यानं दोन्ही हात टाकले. बाप्पा बाप्पा! तिसऱ्या गाण्याचा तो ठेका जसाच्या तसा. खळीची बादली थरथरली, शकुनबाईच्या हातातला ब्रश हवेत राहिला. मी पुठ्ठे खराब होतील म्हणून ओरडणार होते, ते विसरूनच गेले. संपलं तेव्हा स्वप्नील खाली मान घालून उभा होता आणि अश्विनी टाळ्या पिटत होती.

मग मारोतीनं आपलं गाऱ्हाणं मांडलं. ढाब्यावर गाणं लागलं होतं. हा म्हणाला, हा ढोल माझा. सगळे ड्रायव्हर हसले. एकानं गाडीतून सीडीचं कव्हर काढून आणलं, सगळ्यांसमोर वाचलं, आणि नाव नाही. तेव्हापासून त्याला 'कम्प्युटर' म्हणूनच हाक मारत होते.

"माह्या हाताले फोडं आले होते नीलेश, तुले माहीत हाय," तो म्हणाला. आवाज चढलेला होता, पण डोळे भरले होते. "आता सांगून ठेवतो. नाव छापून येईस्तोवर ढोलाले हात नाही लावनार. तुमच्या कार्यक्रमात लाव कम्प्युटर."

तो गेला. नीलेश मटकन खोक्यावर बसला. डिलक्सच्या प्रकाशनाचा कार्यक्रम यवतमाळलाच ठरलेला होता. मारोतीचा ढोल काढला तर बोंडअळीत उरतं काय, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

"तुम्ही नाव टाकलं का नाही रे?" मी चिडूनच विचारलं.

"कंपनी टाकते काकू. बाहेरून बोलावलेल्या वादकायची नावं टाकायची त्यायची पॉलिसी नाही म्हने. मुंबईवाल्यानं ढोल नुसता कम्प्युटरवर साफ केला, तरी त्याचं टाकलं. करारात कव्हर आन् बुकलेट कंपनीचं. आमी सही करून बसलो."

"वाचून केली?"

"आनंदात केली."

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्याऐवजी मी चहा मागवला आणि हसऱ्या डब्याकडे वळले. कारण तो तरी माझ्या हातातला होता.

वाकणारा पुठ्ठा सरळ करायचा एकच खरा उपाय आहे, आणि तो मी आळसानं टाळत होते. बाहेरून कापड ओढतंय ना? मग आतून कागद लावायचा, त्याच खळीनं, म्हणजे तोही वाळताना तितकंच ओढेल. दोघांची ओढाताण बरोबरीची झाली की पुठ्ठा मधे निमूट राहतो. या आतल्या कागदाला आम्ही अस्तर म्हणतो. फक्त कागदाचा ग्रेन सांभाळावा लागतो. ग्रेन म्हणजे कागदाचा उभा धागा. घरचं वर्तमानपत्र फाडून बघा, एका बाजूनं सरळ फाटतं, दुसऱ्या बाजूनं वेडंवाकडं. सरळ फाटतं ती ग्रेनची दिशा. अस्तराचा आणि पुठ्ठ्याचा ग्रेन जुळला पाहिजे, नाहीतर डबा हसायचा थांबून रडायला लागतो.

कोऱ्या पांढऱ्या कागदाचं अस्तर लावून मी एक डबा वाळत ठेवला. दुपार झाली, संध्याकाळ झाली, झाकण पाटासारखं सपाट. शकुनबाईनं त्याला चक्क हळदीकुंकू लावलं. मी डबा उघडला, मिटला, परत उघडला. आत खळीचे पिवळट डाग दिसत होते. पांढऱ्यावर ते दिसतातच, म्हणून अस्तर छापलेलं असलेलं बरं. आणि एकदम माझ्या डोक्यात आलं. करारात कव्हर आणि बुकलेट. अस्तराचं नाव कुठे होतं? करार केला तेव्हा अस्तरच नव्हतं!

मी मुंबईला सोनाली मॅडमना फोन लावला. त्या कंपनीच्या प्रॉडक्शन मॅनेजर.

"मॅडम, डब्याला आतून अस्तर लावावं लागेल."

"कशाला? उगाच काम वाढवू नका हो."

"नाही लावलं तर वाकतो."

"मग लावा. पांढरं लावा."

"पांढऱ्यावर डाग दिसतात. छापलेलं लावते."

"कव्हर आणि बुकलेटला हात नाही ना लागणार?"

"अजिबात नाही. आतलं आर्टवर्क पाठवते, नीट बघून घ्या."

"पाठवा, पाठवा. दुसऱ्या फोनवर आहे मी."

आर्टवर्क नीलेश, अश्विनी आणि मी मिळून केलं. पूर्ण अस्तरभर काळीभोर अक्षरं, चष्मा नसला तरी वाचता येतील अशी. सगळ्यात वर 'ढोल: मारोती टेकाम, पांढरकवडा'. खाली बाकीची मंडळी. आणि शेवटी, 'रेकॉर्डिंग: बंद जिनिंगचं गोडाऊन, यवतमाळ. भिंती: न विकलेल्या कापसाच्या गाठी'. हे मला नवीनच होतं. आवाज घुमू नये म्हणून पोरांनी पडून असलेल्या गाठी चारी बाजूंनी रचल्या होत्या म्हणे. अश्विनी तर ते ऐकून नाचायचीच बाकी राहिली. मुंबईवाल्याच्या नावाला आम्ही हात लावला नाही. त्याचं कव्हरवर होतं तिथे होतं.

"काकू, कंपनी आमचा काटा काढीन," नीलेश म्हणाला.

"ढोलावाचून गाशील?"

त्यानं 'सेंड'चं बटण दाबलं.

आर्टवर्क ईमेलनं गेलं. तयार डबा कुरिअरनं गेला. आमच्याकडे क्लायंट नमुन्यावर सही करतो, मग तो डबा मास्टर. त्यानंतर कुणी काडीचा फरक करायचा नाही, त्यांनीही नाही. डबा सही होऊन परत आला. तरी माझा जीव राहिना, मी फोन केला.

"मॅडम, आतलं बघितलंत ना?"

"बघितलं हो. मांजरपाटाचं टेक्श्चर काय भारी आलंय!"

मांजरपाट बाहेर होतं. मी परत म्हणाले, "आत छापलेलं आहे मॅडम, ते वाचलंत का?" त्या म्हणाल्या, "काकू, अप्रूव्ह्ड म्हटलं ना! छापा आता." चौथ्यांदा विचारायला मी काही त्यांची सासू नव्हे. मी मशीन सुरू केलं.

प्रकाशनाला हॉल खचाखच. मागे उभं राहायला जागा नाही. सोनाली मॅडम मुंबईहून आल्या होत्या, पहिल्या रांगेत माझ्याच शेजारी. मारोतीही आला होता. शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसलेला, आणि सोबत ढाब्यावरचे ते ड्रायव्हर. 'कम्प्युटर'ची मजा बघायला आले होते बहुतेक.

नीलेश स्टेजवर न जाता आधी मागे गेला आणि मारोतीच्या हातात डबा दिला. मारोतीनं कव्हर उलटून पाहिलं. तेच जुनं मागचं पान. त्याचा चेहरा काळवंडला. "उघड ना भौ," नीलेश म्हणाला. मारोतीनं डबा उघडला. अस्तरावरच्या नावावरून बोट फिरवलं. मग शेजारच्या ड्रायव्हरच्या छातीवर डबा ठेवून म्हणाला, "वाच बे. तूच वाचलं होतं ना ढाब्यावर? आता मोठ्यानं वाच."

त्या बिचाऱ्यानं उभं राहून खणखणीत वाचलं. "ढोल. मारोती टेकाम. पांढरकवडा!"

हॉलमध्ये असा गलका झाला की विचारू नका. स्वप्नील खुर्चीवर चढून मारोतीच्या नावानं ओरडत होता. सोनाली मॅडमनी घाईघाईनं आपला डबा उघडला. अस्तर वाचलं, आणि माझ्याकडे वळल्या.

"काकू! हे काय?"

"अस्तर," मी म्हणाले. "तुमच्या सहीचा डबा माझ्या कपाटात आहे."

मग बाई उठल्या, सरळ स्टेजवर गेल्या, माइक घेतला आणि म्हणाल्या, "आपल्या खऱ्या कलाकारांची नावं रसिकांपर्यंत पोचवावीत, अशी आमच्या कंपनीची पहिल्यापासून इच्छा होती." सगळ्यात जोरात टाळ्या मीच वाजवल्या. माणूस हुशार असला की राग येत नाही.

मारोती तोवर बाहेर गेला होता. नीलेश घाबरला. पण मारोती ट्रककडे गेला होता. ढोलाला हात लावणार नाही म्हणणारा माणूस ढोल केबिनमध्ये घालूनच आला होता! तो कमरेला बांधून स्टेजवर चढला, आणि पहिली थाप पडली तेव्हा मी रडले. लाजायचं काय त्यात? नीलेशचे बाबा समोरच बसून चुकीच्या ठेक्यात टाळ्या देत होते आणि त्यांना कुणी थांबवत नव्हतं. ढाब्यावरचे ड्रायव्हर गमछे उडवत होते. ते तिसरं गाणं लोकांनी मारोतीला तीनदा वाजवायला लावलं आणि तिन्ही वेळा त्यानं मान वर करून वाजवलं.

डबे भराभर खपले. इंटरनेटवर कुठल्या कुठल्या गावच्या पोरांनी अस्तराचे फोटो टाकले. पुढच्या छपाईत कंपनीनं ढोलवाल्याचं नाव बुकलेटमध्येही घेतलं, आणि मुंबईवाल्यापुढचं 'पर्कशन' बारीक होऊन 'सहाय्य' झालं. पॉलिसीचं काय झालं, ते मी विचारलं नाही.

धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना मी एवढंच सांगते. क्लायंटला आतलं दाखवा, उघडून बघा म्हणून सांगा, फोन करून परत विचारा. तो सही बाहेरचं बघूनच करतो.